कुंडीतल्या सेजच्या नोंदी : पाणी, खत आणि वजनकाटा

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

ऑगस्टमध्ये सेजचं (स्वयंपाकात वापरतात त्या सुवासिक पानांचं) रोप आणलं तेव्हा त्याला बारा पानं होती. आज मोजली, चौदा भरली. मध्ये खालची एक जोडी गळाली, म्हणजे तीन महिन्यांत दोनच नव्या जोड्या. उंची तीच, चार बोटं. त्याच दिवशी आणलेला पुदिना मी आतापर्यंत चार वेळा कापलाय.

सकाळी कुंडी उपडी केली. दहा इंची प्लास्टिकची कुंडी आणि तिच्यात ओलीगच्च, आंबूस वासाची माती. मुळं मात्र नर्सरीच्या पिशवीतल्या मूठभर गोळ्याबाहेर फारशी आलेलीच नव्हती. कडेची तीन-चार मुळं तपकिरी झाली होती आणि चिमटीत धरली की साल निसटून येत होती.

आजवर काय दिलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवते. रोज सकाळी तांब्याभर पाणी. पंधरा दिवसांनी एक मूठ गांडूळखत. दर रविवारी १९:१९:१९ विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला दोन ग्रॅम. रोप वाढेना तसतसं मी खत वाढवत गेले. मुळांना श्वास घ्यायला जागा नव्हती आणि मी त्यांच्यापुढे ताट वाढत होते.

नवी कुंडी सहा इंची, मातीची, न रंगवलेली. मिश्रण : दोन भाग बागेची माती, दोन भाग धुतलेली जाड वाळू आणि विटकरीचा चुरा, एक भाग जुनं शेणखत. कोकोपीट मुद्दाम घातलं नाही. ते ओल धरून ठेवतं आणि मला नेमकं तेच नकोय. तळाच्या भोकावर एक खापर ठेवलं. कुजकी मुळं कापली, रोप लावलं आणि कुंडी दोन दिवस सावलीत ठेवली.

तशीच दुसरी कुंडीही भरली. तेच मिश्रण, तेवढंच, पण रोप नाही. ती कशासाठी ते पुढे येईलच.

११ नोव्हेंबर

अण्णांना फोन केला. सासवडजवळ त्यांचं अंजिराचं रान आहे. आयुष्यभर त्यांनी झाडांना पाणी दिलंय, आणि तोडलंयही. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "वाफसा येऊ देतेस का गं?"

मी म्हटलं, "अण्णा, कुंडीत कसला आलाय वाफसा?"

"का? माती ती मातीच. हातात घेतली की गोळा व्हायला हवा आणि टिचकी मारली की फुटायला हवा. तोवर पाणी नाही द्यायचं. तुमच्याकडे सारखा चिखल. चिखलात मूळ चालतं होय?"

लहानपणापासून हा शब्द ऐकत आलेय, पण तो पेरणीचा आणि कुळवणीचा. मातीच्या कणांमध्ये थोडं पाणी, थोडी हवा, दोन्ही एकत्र नांदतात ती अवस्था. सेजला हवं आहे ते एवढंच, आणि त्यासाठी आपल्याकडे इतका नेमका शब्द असताना मी तीन महिने 'वरची एक इंच माती सुकली की पाणी घाला' हा नियम पाठ करत बसले. दहा इंची कुंडीत वरची इंचभर माती दोन दिवसांत सुकायची आणि खाली डबकं तसंच राहायचं.

अडचण एकच. कुंडीतली माती रोज उकरून गोळा करून बघता येत नाही. म्हणून स्वयंपाकघरातला पाच किलोचा वजनकाटा बाल्कनीत आणला.

१६ नोव्हेंबर

पद्धत अशी ठरवली. दोन्ही कुंड्यांना पहिल्यांदा खालून पाणी येईपर्यंत पाणी घालायचं, तासभर निथळू द्यायचं आणि वजन करायचं. रोपाची भरली ३४२० ग्रॅम, बिनरोपाची (तिला यापुढे 'रिकामी' म्हणते) ३३९०. मग रोज सकाळी सातला दोन्हींचं वजन. मिश्रण भरताना थोडं उन्हात पूर्ण वाळवून तोललं होतं, त्यावरून हिशोब केला. साधारण २९६० ला रोपाची कुंडी ठणठणीत कोरडी होईल. म्हणजे हिच्या पोटात जेमतेम साडेचारशे मिलिलिटर पाणी मावतं. रोज तांब्याभर ओतत होते!

३१२० आलं की गेलं तेवढंच पाणी मोजून द्यायचं, असं सध्या ठरवलंय. तीनशे ग्रॅम गेलेले असतील, दीडशेच्या आसपास ओल शिल्लक असेल. तो माझा वाफसा.

पहिल्या दोन दिवसांची सरासरी : रोपाची कुंडी दिवसाला ५८ ग्रॅमनी हलकी होते, रिकामी ५१ ग्रॅमनी. मातीच्या कुंडीच्या अंगातून आणि वरून पाणी उडतं ते दोन्हीकडे सारखंच धरलं, तर रोप स्वतः पितंय फक्त सात ग्रॅम. दीड चमचा पाणी! दोन्ही कुंड्या भिजवल्यानंतरचे पहिले दोन दिवसच तुलनेला घ्यायचे, कारण माती कोरडी होत गेली की उडणंही मंदावतं आणि आकडे फसवतात.

आता खत पूर्ण बंद. खत मुळांपर्यंत जातं ते पाण्यातून आणि झाडात चढतं तेही पाण्याबरोबरच. जे रोप दिवसाला दीड चमचा पितं, त्याला मी रविवारी रविवारी पंचपक्वान्नं वाढत होते.

२४ नोव्हेंबर

रोप स्थिर आहे. नवं पान नाही, पण जुनं एकही पडलेलं नाही. पाच-सहा दिवसांनी एकदा पाणी.

या रोपाचं गाव कुठलं ते नीट समजून घेतलं. बाल्कन देशांच्या किनाऱ्याकडचे चुनखडीचे उतार, भूमध्य समुद्राचं हवामान. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. माती पातळ, खडकाळ, पाणी वरून आलं की खाली गेलं. पानांवरची ती करडी मऊ लव उगाच नाही. तिच्यामुळे पानावरून वारा सरळ वाहत नाही आणि ओल जपली जाते. वासाचं तेल असलेल्या बारीक ग्रंथी याच लवेत असतात. पान चुरगळल्यावर जो कापरासारखा, किंचित कडसर वास येतो तो तिथला. नत्र जास्त झालं की पानं मोठी आणि लुसलुशीत होतात, पण वास पातळ होतो. मला वास हवाय. दूध-भोपळ्याच्या सूपमध्ये दोन पानं तुपात तळून टाकायची म्हणून तर हे रोप आणलं.

८ डिसेंबर

काळजीची नोंद. खालच्या चार पानांचे शेंडे तपकिरी झालेत आणि कडा कुरकुरीत. कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरा थर आलाय, नखाने खरवडला तर पिठासारखा सुटतो. वजनाचे आकडे अगदी शिस्तीत आहेत, म्हणजे पाणी कमीही नाही आणि जास्तही नाही.

पहिला विचार लोहाचा आला. पण लोह कमी पडलं तर नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. इथे शेंड्याची कोवळी जोडी स्वच्छ हिरवी आहे, जळतंय ते जुन्यांचं टोक. हे क्षारांचं लक्षण. एप्सम सॉल्ट घाला हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण क्षारांनी भाजलेल्या मुळांवर आणखी एक क्षार मी घालणार नाही.

मग पाणी तपासलं. आमच्याकडे आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी बादलीत साठवतो आणि झाडांना घालतो. पाणी वाचतं, म्हणून मला त्या बादलीचा अभिमान होता. क्षार मोजायच्या पेनाने पाहिलं. सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतं, ते ५२० पीपीएम. आरओच्या बादलीतलं ७८०. तळमजल्यावर महापालिकेचा थेट नळ आहे, त्याचं १२०.

हिशोब करून बघितला आणि वाईट वाटलं. ७८० पीपीएम म्हणजे लिटरमागे ७८० मिलिग्रॅम क्षार. एका वेळच्या तीनशे मिलिलिटरमध्ये २३४ मिलिग्रॅम. चार आठवड्यांत पाच वेळा पाणी दिलं, म्हणजे एक ग्रॅमच्या वर क्षार. पाणी उडून जातं, क्षार मागेच राहतात. शेतात ते पावसात खाली वाहून जातात. या एवढ्याशा कुंडीतून ते जाणार कुठे?

आणि इथे माझ्या वजनकाट्याचीही चूक आहे. जितकं गेलं तितकंच मोजून भरत होते, त्यामुळे खालून थेंबही बाहेर येत नव्हता. पाण्याचा हिशोब बरोबर होता, क्षारांचा मांडलाच नव्हता.

कुंडी भिजवून तासाभराने वरून थोडं पाणी घातलं आणि खालून आलेलं वाटीत धरलं : २१५० पीपीएम. मग तळमजल्यावरून पाच लिटर पाणी आणलं, म्हणजे कुंडीच्या मापाच्या तिप्पट, आणि अर्ध्या तासात थोडं थोडं करून सगळं तिच्यातून जाऊ दिलं. पहिलं पाणी चहासारखं, शेवटचं जवळजवळ स्वच्छ. शेवटची वाटी : ४३०. रिकाम्या कुंडीलाही तेच केलं, नाहीतर तुलना राहणार नाही.

यापुढे : सेजला फक्त तळमजल्याचं पाणी. दर तिसऱ्या वेळी वजन न बघता खालून भरपूर पाणी येईपर्यंत घालायचं आणि ताटलीतलं लगेच ओतून टाकायचं. आरओची बादली फरशी पुसायला.

५ जानेवारी २०२५

जळलेल्या कडा आहेत तशाच आहेत, त्या सुधारत नाहीत. नवीन मात्र एकही जळालेली नाही. शेंड्यावर एक जोडी उलगडते आहे, सध्या भाताच्या दाण्याएवढी.

गारठ्यामुळे दोन्ही कुंड्यांचं उडणं कमी झालंय. रोपाची दिवसाला ५५, रिकामी ४१. फरक १४. नोव्हेंबरच्या दुप्पट. डोळ्यांना रोप तेवढंच दिसतं, पण मातीच्या आत काहीतरी सुरू झालंय. आज पहिल्यांदा या सगळ्या खटाटोपाचं समाधान वाटलं. पानं मोजून मला हे कळलंच नसतं.

अण्णांना आकडे सांगितले. ते म्हणाले, "मूळ धरतंय. आता काही करू नकोस. आपण अंजिराला ताण देतो, पाणी तोडतो, तेव्हा झाड काय झोपलेलं असतं होय?"

२६ जानेवारी

पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलो होतो. लाल साल्व्हियाचे ताटवे फुलून आलेले. माझा सेजही एक साल्व्हियाच. हिचं नावही साल्व्हिया, पण ती ब्राझीलची, दमट जंगलाच्या कडेची. पावसाळा सरता सरता बी पेरलं की थंडीत फुलं हजर. तिथे काम करणाऱ्या माळीदादांना विचारलं तर म्हणाले, "हिला एक दिवस पाणी चुकलं की मान टाकते."

नर्सरीत 'साल्व्हियाला रोज पाणी द्या' असं मला सांगितलं होतं. ते याच लाल साल्व्हियाबद्दल असणार आणि तिच्यापुरतं ते बरोबरच होतं. पण साल्व्हिया या एका नावाखाली जवळजवळ हजार जाती आहेत. लिनिअसने १७५३ मध्ये सेजला साल्व्हिया ऑफिसिनॅलिस नाव दिलं, आणि २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोजमेरीसुद्धा साल्व्हियातच घातली. ब्राझीलच्या ओलाव्यातली आणि भूमध्य समुद्राच्या खडकावरची, दोघींना एकाच झारीने पाणी घालून कसं चालेल? रोप घेताना नुसतं साल्व्हिया एवढ्यावर थांबू नये, कोणती ते विचारावं. पान करडं आणि लवदार असेल तर पाणी जपून, हिरवं, पातळ आणि मोठं असेल तर सढळ. ढोबळ खूण आहे, पण उपयोगी.

९ फेब्रुवारी

रोपाची ८८, रिकामी ५७. फरक ३१!

पानं आता वीस. खोडाच्या खालच्या दोन पेऱ्यांतून फुटवे डोकावतायत.

मी एक नियम मनाशी बांधला होता : रोपाचं स्वतःचं पिणं दिवसाला वीस ग्रॅमच्या वर गेल्याशिवाय खत नाही. आकडा माझा, माझ्या या कुंडीपुरता. आज तीन महिन्यांनी पहिलं खत दिलं. १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे पूर्वीच्या पाव. आधी साधं पाणी घालून माती ओली केली, मग हे दिलं. कोरड्या मातीत खताचं पाणी कधीच नाही. पुढचं तीन आठवड्यांनी.

२ मार्च

रोपाची ११८, रिकामी ७०. फरक ४८. पाने मोजणं सोडून दिलं.

मुख्य शेंडा दोन पेऱ्यांवरून खुडला, म्हणजे बाजूचे फुटवे जोर धरतील. खुडलेला तुकडा वाया घालवला नाही. खालची पानं काढून नुसत्या ओल्या वाळूत खोचला, सोबत एक खालचा फुटवाही. दोन छाट कलमं झाली. वर एक अर्धी कापलेली पाण्याची बाटली उपडी घातली आहे, झाकण काढून.

दुसरं खत, तेच प्रमाण. मातीवर दोन चमचे गांडूळखत पसरलं आणि वरून विटकरीचा चुरा टाकला. गांडूळखत इतकंच. मूठ नाही.

६ एप्रिल

उन्हाळा. रोपाची २०५, रिकामी ११०. दीड दिवसात तीनशे ग्रॅम जातात. दिवसाआड पाणी, पहाटे.

काल दुपारी तीनला सगळी पानं लोंबलेली दिसली. हात झारीकडे गेलाच होता. आधी वजन केलं : ३३१०. ओल भरपूर होती. मुळं जितकं वर पाठवतात त्यापेक्षा जास्त पानांतून उडत होतं, इतकंच. कुंडी भिंतीच्या सावलीला सरकवली. संध्याकाळी सातला पानं पुन्हा ताठ. त्या वेळी पाणी घातलं असतं तर तापलेल्या ओल्या मातीत मुळांना पुन्हा श्वास मिळाला नसता. आणि गंमत म्हणजे जास्त पाण्याने गुदमरलेलं रोपही असंच लोंबतं, दिसायला दोन्ही सारखीच. पान बघून पाणी देऊ नये, कुंडी उचलून द्यावं.

आता दुपारी अकरा ते चार हिरव्या जाळीची सावली. खत थांबवलं. या उन्हात रोप पितंय ते अंग थंड ठेवायला. पिण्याचा आकडा मोठा म्हणून भूकही मोठी असं नाही, हे माझ्या नियमात आधी नव्हतं, आज घातलं. नवे फुटवे येतात का तेही सोबत बघायचं. दोन्ही असेल तरच खत.

एसीचं पाणी मोजलं : ८ पीपीएम. तळमजल्यापर्यंतची खेप वाचली.

२० एप्रिल

चार दिवस बाहेरगावी होतो. शेजारच्या काकूंना काटा वापरायला सांगणं जिवावर आलं, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या हातात आधी कोरडी आणि मग भिजवलेली कुंडी दिली. "हलकी लागली की घाला, नाहीतर नका घालू." परत येऊन तोललं : ३२४०. काकूंनी चार दिवसांत एकदाच पाणी घातलं होतं. मीही आता आठवड्यातून दोनदाच काटा वापरते, बाकी हातानेच.

२५ मे

जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंडी आत घ्यायचं ठरवलं होतं. आभाळाने वाट पाहिली नाही. गेला आठवडाभर पुण्यात पाऊस कोसळतोय, आणि मान्सूनही दाराशी आलाय म्हणतात. मंगळवारी रात्रभर कुंडी पावसात राहिली. सकाळी ३४६०, आजवरचं सगळ्यांत जास्त वजन. विटांवर उचलून ठेवली, ताटली काढली, छपराखाली आणली. पाच दिवसांनी अजून ३२९० वर आहे.

आतल्या गर्दीतली दहा-बारा पानं काढली, वारा खेळावा म्हणून. दोनांवर काळे ठिपके होते. बाकीची वाळत घातली, पण या हवेत ती वाळेनात. शेवटी तुपात तळली.

२९ जून

रोपाची ४६, रिकामी २२. फरक २४. फुटवे नवे नाहीत. खत नाही. जुलै-ऑगस्टही असेच जातील, सप्टेंबरच्या शेवटी उघडीप झाली की बघू.

दोन्ही छाट कलमांना मुळं आली होती. मागच्या आठवड्यात पालखीच्या मुक्कामाला सासवडला गेलो तेव्हा एक अण्णांसाठी नेलं. त्यांनी ते अंजिराच्या रानात लावलं नाही. बांधाच्या वरच्या अंगाला, मुरमात, जिथे पावसाचं पाणी क्षणभरही थांबत नाही तिथे लावलं. बाल्कन देशांतल्या त्या उतारांबद्दल मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं.

"अण्णा, इथे शेणखत घालायचं का थोडं?" मी विचारलं.

त्यांनी पान चुरगळून वास घेतला. "एवढ्यात नको," म्हणाले. "आधी पिऊ दे."

दुसरं कलम चार इंची कुंडीत, तेच मिश्रण. निथळल्यावर वजन ११८०. बुधवारी पुन्हा तोलायचं आहे.